भाव ३६ चा, पण पैसे कोणाच्या भरवशावर?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे. यंदा माल चांगला आहे, २० टन निघेल. दहा दिवसांत खुडा करावाच लागेल. गावातल्या एजंटामार्फत परराज्यातला एक व्यापारी आला आहे. तो ३६ रुपये किलो म्हणतो. ५० हजार इसार आणि बाकीच्या रकमेचा ४५ दिवसांनंतरचा चेक. दुसरीकडे, सात-आठ वर्षे आमचा माल नेणारा पिंपळगावचा व्यापारी ३२ च्या वर जात नाही, पण गाडी भरली की पैसे देतो. आप्पा म्हणतात, ३२ ला देऊन मोकळे व्हा. काकांच्या छातीवर आजही शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असतो. ते म्हणतात, बाजार मोकळा आहे, जो जास्त देईल त्याला माल द्यायचा. मलाही काकांचेच पटते. सरकारने कोर्ट आणि पोलिस तेवढे सांभाळावेत, बाकी घेणाऱ्या-देणाऱ्यांवर सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात रोज वाद होतो. माझे चुकते कुठे? आणि ३६ चा सौदा करू का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : बाग दहा दिवसांवर आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. व्यापाऱ्याने मांडलाय तसा हा सौदा करू नका. तोच व्यापारी, तोच ३६ चा भाव, पण प्रत्येक गाडी हलण्यापूर्वी त्या गाडीचे पैसे तुमच्या खात्यात जमा, या अटीवर तो तयार असेल तर खुशाल द्या. तयार नसेल तर ३२ ला द्या आणि त्याची हळहळ वाटून घेऊ नका.

आता हिशेब. २० टनांवर ४ रुपयांचा फरक म्हणजे ८० हजार रुपये. हा आकडा मोठा आहे, मोह होणारच. पण हे ८० हजार मिळवण्यासाठी तुम्ही पणाला काय लावताय ते पाहा. ३६ ने एकूण रक्कम होते ७ लाख २० हजार. इसार वजा केला तर ६ लाख ७० हजार तुम्ही एका अनोळखी माणसाला ४५ दिवस बिनव्याजी उधार देताय. अशा आठ सौद्यांतले सात नीट झाले आणि एकच बुडाला, तर आठ मिळून तुमच्या हाती येतात ५० लाख ९० हजार. तेच आठही सौदे ३२ ने रोखीत केले असते तर ५१ लाख २० हजार आले असते. म्हणजे आठात एक बुडाला की ३६ चा भाव ३२ पेक्षा कमी पडला. हे झाले आठ सौद्यांचे. तुमच्याकडे बाग एकच आहे आणि वर्षातून एकदाच येते. सरासरी काढायला तुम्हाला आठ वर्षे लागतील. तो एक सौदा पहिल्याच वर्षी बुडाला, तर पुढच्या एप्रिल छाटणीचा खर्च कुठून करणार?

यात सोसायटीचे व्याज धरलेले नाही. पीककर्जावरची व्याज सवलत मुदतीत परतफेड केली तरच मिळते. ४५ दिवसांनंतरचा चेक त्या मुदतीच्या पलीकडे जातो का, हे सोसायटीच्या सचिवाला उद्याच विचारा. जात असेल तर ४ रुपयांतले काही पैसे तिथेच गेले.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याला समोरासमोर विचारा. द्राक्ष हा काही गोदामात ठेवायचा माल नाही. तुमच्या बागेतून निघालेली गाडी दोन-तीन दिवसांत दिल्लीला किंवा कोलकात्याला लागते आणि आठवडाभरात माल विकून मोकळी होते. शीतगृहात ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याने तसे सांगावे. मग ४५ दिवस कशाला? उरलेले पाच-सहा आठवडे तुमचा पैसा कुठे फिरतो? बहुतेक वेळा उत्तर एकच असते: तुमच्या पैशातून तो दुसऱ्याच्या बागेचा इसार देतो, दुसऱ्याच्या पैशातून तिसऱ्याचा. भाव चढते असले तर साखळी चालते. मार्चअखेरीस बाजार १० रुपयांनी पडला की साखळी तुटते. तेव्हा शेवटी ज्यांच्या बागा खुडल्या गेल्या ते अडकतात.

आता तुमचे चुकते कुठे, ते. तुम्ही धरून चाललाय की मोकळ्या बाजारात जास्त भाव देणारा तो चांगला व्यापारी. पैसे देण्याची हमी पक्की असेल तर हे शंभर टक्के खरे आहे. हमी नसेल तर उलटे होते. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याला ३६ काय, ४० म्हणायलाही काही लागत नाही. पिंपळगावचा व्यापारी ३२ च्या वर का जात नाही? कारण त्याला ते ३२ खरोखर द्यायचे आहेत. मजुरी, पॅकिंग, गाडीभाडे, वाटेतली घट, दिल्लीच्या अडत्याचे कमिशन हे सगळे धरून त्याला गणित बसवावे लागते. बुडवणाऱ्याला गणितच नाही. म्हणून नियम नसलेल्या बाजारात सर्वांत वरचा भाव अनेकदा सर्वांत खोटा माणूस बोलतो. शिवाराला तोच भाव खरा वाटतो आणि प्रामाणिक व्यापारी ‘लुटारू’ ठरतो. असे दोन-तीन हंगाम गेले की प्रामाणिक माणूस त्या गावात यायचे बंद करतो. बाजार स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो असे म्हणतात, पण इथे तो स्वतःच स्वतःला नासवतो. निर्बंधमुक्त बाजाराचा खरा सामाजिक धोका हाच आहे, आणि द्राक्षपट्ट्यात तो पुस्तकात शोधावा लागत नाही.

तुमच्या वादाला या राज्यापुरती एक तारीख आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला. समितीचा अधिकार आवाराच्या भिंतीआत राहिला. भिंतीबाहेर, शिवारात, द्राक्ष घेणाऱ्याला समितीचा परवाना लागेनासा झाला. यामागचे कारण खोटे नव्हते, ते पुढे सांगतो. पण परवान्याबरोबर आणखीही काही गेले. आवारात माल विकला तर काटापट्टी म्हणजे वजनाची पावती मिळते, हिशेबपट्टी मिळते, २४ तासांत पैसे देण्याचे बंधन असते आणि बंधन मोडले तर सचिवाच्या टेबलावर जाऊन भांडता येते. व्यापारी पळाला तरी त्याचे नाव-गाव, गाळा, हमी काहीतरी समितीच्या दप्तरात असते. आवारातही पैसे थकतात, नाही असे नाही. पण कोणाचे थकले आणि कोणाकडे, हे तरी कळते. शिवार खरेदीत यातले काहीच नाही. अनेकदा शेतकऱ्याकडे असते फक्त एक टोपणनाव आणि बंद पडलेला मोबाइल नंबर.

२०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलिस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेण्याची मोहीम काढली, तेव्हा द्राक्ष उत्पादक रांगेने पुढे आले आणि बऱ्याच जणांचे पैसे वसूलही झाले. चांगले झाले. पण विचार करा: जे काम एका नोंदवहीने आणि हमीच्या रकमेने आधीच व्हायला हवे होते, ते शेवटी पोलिसांना मागे धावून करावे लागले. आणि मोहीम एका अधिकाऱ्याच्या बदलीपर्यंतच टिकते.

त्याच वर्षीच्या केंद्राच्या व्यापारविषयक कृषी कायद्याचेही उदाहरण घ्या. आवाराबाहेर खरेदीला पॅन कार्ड पुरे, असे त्यात होते. बाजार इतका मोकळा करणाऱ्या त्या कायद्यालाही लिहावे लागले की पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आणि तंटा प्रांताधिकाऱ्याने मिटवायचा. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे अडकलेले पैसे याच तरतुदीने मोकळे झाले, हे तेव्हा खूप गाजले. त्या कायद्यावर आमचे आक्षेप आहेत; दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करणे हा त्यातला मोठा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द झाला. पण तेव्हा शेतकऱ्याला वाचवले कोणी? बाजाराने नव्हे, तर वेळेचे बंधन घालणाऱ्या एका ओळीने आणि ती अमलात आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने.

‘सरकारने कोर्ट आणि पोलिस तेवढे सांभाळावेत’, हे तुमचे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण हा प्रयोग आपल्याच मातीत होऊन गेला आहे. १८५५ मध्ये इंग्रज सरकारने व्याजदरावरची कायद्याची मर्यादा उठवली. करार हा दोघांच्या मर्जीचा मामला, सरकारने तो फक्त अमलात आणायचा, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांचे तत्त्वच होते. आपल्याकडे त्याआधी दामदुपटीची रीत होती: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. नव्या कोर्टांनी कर्जाचा रोखा वाचला आणि रोख्यावरची रक्कम खरी मानली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव पडला, कर्ज मात्र राहिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांनी निकामी व्हायचा. हेतू कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, वाचवण्याचा होता. सावकाराने त्यावर उपाय काढला: दर तीन वर्षांनी नवा रोखा, त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवलेले. खाली कुळाचा अंगठा. सगळे राजीखुशीने, सगळे कायदेशीर. पुढे १८७५ मध्ये झालेल्या दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे १०० रुपये कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते.

कोर्टही होते, पोलिसही होते. दोघेही आपले काम चोख करत होते, म्हणूनच जमिनी गेल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि पुढे पुणे-नगरच्या गावागावांत त्यांनी हेच केले: सावकाराच्या वाड्यातली रोखे-खतांची कागदे बाहेर काढली आणि पेटवली. माणसांना इजा फारशी केली नाही. त्यांना ठाऊक होते की आपल्याला बुडवणारी गोष्ट कागद आहे. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, त्याच सरकारला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. न्यायाधीशाने रोख्यापाशी न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासायचा, कुळाला पावती आणि हिशेब द्यायचा, रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचा, कर्जापायी अटक नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांतून त्याची सुरुवात झाली.

म्हणून म्हणतो, फक्त कोर्ट आणि पोलिस असलेले सरकार तटस्थ नसते. ते ज्याच्याकडे कागद, ज्याच्याकडे वकील आणि ज्याच्याकडे वाट पाहण्याची ताकद, त्याच्या बाजूचे असते. तुमच्या सौद्यात वाट पाहण्याची ताकद कोणाकडे आहे? व्यापाऱ्याला आज तुमची बाग नाही तर शेजारची आहे. तुमची द्राक्षे मात्र पिकली की थांबत नाहीत, आणि एका अवकाळी सरीने मण्यांना तडे जातात. करार स्वतंत्र असतो, पण दोघे सारखे स्वतंत्र नसतात.

आता काकांची बाजू. ती कमी लेखू नका, घरात तर अजिबात नाही. शेतकरी संघटनेने आयुष्यभर सांगितले की सरकार शेतमालाचा भाव पाडते, आणि ते खरेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच झाली. लासलगावच्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली. बाजार समित्यांचेही तसेच. परवाने मोजक्यांकडे, लिलावात दोघे-तिघे आपसांत ठरवणार, संप केला की आठवडा आठवडा लिलाव बंद, कडता (वजनातली कपात) आणि अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याच्याच माथी. अडत खरेदीदाराकडून घ्यायची हे फळे-भाजीपाल्यापुरतेही ठरायला २०१६ उजाडावे लागले. या सगळ्याला कंटाळून कोणी ‘सरकार नकोच’ म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही.

पण काकांना एक फरक दाखवा. परवाना दोन कामे करतो. एक, कोणी धंदा करायचा आणि कोणी नाही हे ठरवतो. हे काम वाईट आहे, त्यातून मक्तेदारी येते, ते काढलेच पाहिजे. दुसरे, धंदा करणारा उद्या सापडेल याची सोय करतो. हे काम काढले की शेतकरी उघड्यावर पडतो. २०१६ मध्ये पहिले काढताना दुसरेही गेले. बाजार खुला ठेवून हे साधता आले असते: कोणालाही मिळेल अशी स्वस्त नोंदणी, खरेदीच्या प्रमाणात बँक हमी, पैसे देण्याची ठरलेली मुदत. व्यापारी हवे तितके येऊ द्या, पण खरे नाव, पत्ता आणि हमी ठेवून येऊ द्या. बिहारने तर २००६ मध्ये बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. खासगी बाजार उभे राहतील अशी अपेक्षा होती, ते त्या प्रमाणात उभे राहिले नाहीत, आणि जुन्या आवारांना वाली उरला नाही. भाव बोलला जाण्याची जागाच गेली की शिवारात बसलेल्या शेतकऱ्याने तुलना कशाशी करायची? तुम्ही सकाळी उठून ‘पिंपळगावला काय निघाले?’ असे विचारता, तेव्हाही भिंतीआतल्या बाजाराचाच आधार घेत असता.

सरकार जिथे नको तिथे येते, ही काकांची तक्रार रास्त. सरकार जिथे हवे तिथे नाही, ही आप्पांची भीतीही रास्त. दोघे एकाच दुखण्याची दोन टोके धरून भांडताहेत.

जे काम सरकारने सोडले आहे, ते या दहा दिवसांत तुम्हालाच करायचे आहे. असे करा.

आज व्यापाऱ्याचे आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक मागा आणि तिन्हींवरचे नाव जुळते का पाहा. जीएसटी क्रमांक नसला म्हणून लगेच चोर समजू नका. ताजी द्राक्षे करमुक्त आहेत, फक्त तीच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. असला तर पोर्टलवर टाकून नोंदणी चालू आहे की रद्द, ते बघा. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा: आधी नाशिक जिल्हा, मग त्याचा स्वतःचा जिल्हा. चेक न वटल्याचे चार खटले दिसले तर पुढचे काही विचारूच नका. त्याने शेड किंवा पॅकहाउस भाड्याने घेतले असेल तर मालकाला भेटा. भाडेकरार आहे का, किती महिन्यांचा, गेल्या हंगामात हाच होता का? गेल्या वर्षी त्याने ज्यांच्या बागा खुडल्या अशा तीन शेतकऱ्यांची नावे मागा. ती एजंटाने सांगितलेली नकोत, व्यापाऱ्याच्या वहीतली हवीत. त्यांना विचारताना ‘माणूस कसा आहे’ असे विचारू नका, ‘शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला मिळाला’ असे विचारा.

मग एजंट. तो गावातला आहे, ओळखीचा आहे, किलोमागे पैसे व्यापाऱ्याकडून घेतो आणि भानगड झाली की ‘मी फक्त गाठ घालून दिली’ म्हणतो. त्याला जामीनदार म्हणून सही करायला सांगा. जामीनदार हा कायद्याने मूळ देणेकऱ्याइतकाच बांधील असतो. त्याने सही केली तर तुमची वसुली गावातच आहे. त्याने हात आखडता घेतला तर व्यापाऱ्याविषयी त्याला जे ठाऊक आहे ते तुम्हालाही कळले.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर एका पानाचा पुरतो, पण त्यात या गोष्टी हव्यातच: बाग सरसकट घेतली की निवडून, भाव, खुडा कोणत्या तारखेला सुरू आणि कोणत्या तारखेला बाग खाली, कॅरेटचे वजन किती धरायचे, कडता किती, पैसे केव्हा, पाऊस झाला तर काय. ‘सरसकट’ हा शब्द लिहून घ्या. नाहीतर पहिल्या दोन दिवसांत निवडक घड जातात, मग ‘मण्याला साइज नाही’, ‘गोडी कमी भरते’ म्हणून भाव २८ वर येतो, आणि अर्धी खुडलेली बाग दुसरा कोणी घेत नाही.

वजनात किती जाते ते बघा. कॅरेटमागे २० किलो माल धरला तर तुमची १,००० कॅरेट होतात. रिकामे कॅरेट १ किलो ६०० ग्रॅमचे असताना व्यापाऱ्याने २ किलो धरले तर कॅरेटमागे ४०० ग्रॅम गेले. १,००० कॅरेटला ४०० किलो, म्हणजे १४,४०० रुपये. क्विंटलमागे २ किलो कडता धरला की आणखी ४०० किलो, आणखी १४,४००. झाले २८,८००. किलोला १ रुपया ४४ पैसे. तुमचा ४ रुपयांचा फायदा काट्यावरच अडीच रुपयांवर आला. म्हणून पहिल्या दिवशी पहिल्या घडाला कात्री लागण्याआधी त्याचीच दहा रिकामी कॅरेट एकत्र तोला, दहाने भागा आणि तो आकडा वहीत दोघांच्या सहीने लिहा. पावसात भिजलेली, चिखल लागलेली कॅरेट पुन्हा तोलायची. कागद-पुठ्ठा घातला असेल तर त्यासकट तोलायची. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचे चालू वर्षाचे पडताळणीचे सील आहे का पाहा. २० किलोचे प्रमाणित वजन मध्ये ठेवून आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा फिरतो का ते तपासा. वजन मिळाले नाही तर युरियाची न फोडलेली ४५ किलोची गोणी त्याच्या काट्यावर आणि सोसायटीच्या काट्यावर तोलून ढोबळ अंदाज घ्या. शेवटी भरलेली गाडी भुईकाट्यावर न्या. रिकाम्या गाडीचेही वजन आधी घेतलेले असले पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग नाही.

पैशांचे म्हणाल तर, सात टनांची एक गाडी ३६ ने अडीच लाखांच्या घरात जाते. आरटीजीएस, म्हणजे बँकेतून बँकेत थेट रक्कम पाठवणे, दोन लाखांपासून होते आणि आता ते चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. म्हणजे ‘आज रविवार आहे, बँक बंद आहे’ हे कारण उरलेले नाही. मोबाइलवरचा जमा झाल्याचा फोटो ग्राह्य धरू नका, तो बनवता येतो. यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, घ्या, स्वतःच्या खात्यात शिल्लक वाढलेली पाहा, मगच गाडी हलू द्या. ‘पहिली गाडी रोख, दुसरी रोख, तिसरी-चौथी उधार’ हा जुना डाव आहे. विश्वास बसतो तो पहिल्या दोन गाड्यांनी आणि पैसे बुडतात ते शेवटच्या दोनांत. अट शेवटच्या कॅरेटपर्यंत तीच ठेवा.

एवढे करूनही काही रकमेचा चेक घ्यावाच लागला, तर तो पूर्ण भरलेला घ्या: नाव, अंकी-अक्षरी रक्कम, तारीख. कोरा घेऊ नका. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत गेला पाहिजे. ‘थांबा, आठ दिवसांनी टाका’ असे फोन येतील. ऐकत राहिलात तर मुदत निघून जाईल. चेक परत आला की बँकेकडून शेरा लिहिलेला मेमो घ्या. शिल्लक नाही, खाते बंद, पेमेंट थांबवले, काहीही शेरा असो. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. तुम्ही पहिल्या आठवड्यातच पाठवा, कारण पत्ता चुकीचा निघाला तर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला वेळ हवा. नोटीस पोहोचल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करायची. ती तुमचे खाते ज्या शाखेत आहे त्या भागातल्या न्यायालयात होते, त्याच्या राज्यात जावे लागत नाही. खटला चालू असताना न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकते. वकिलाला तो अर्ज करायची आठवण द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत तुम्ही मोफत मदतीला पात्र आहात का ते विचारा.

पोलिसांकडे गेलात तर पहिले उत्तर मिळेल, ‘हा दिवाणी मामला आहे.’ नुसते पैसे थकले तर ते बरोबरही आहे. फसवणुकीचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, लागण्यासाठी मुळातच बुडवायचा इरादा होता हे दिसावे लागते. खोटे नाव, खोटा पत्ता, एकाच आठवड्यात अनेकांच्या बागा उधारीवर, रातोरात रिकामी केलेली शेड: हे पुरावे. म्हणून एकट्याने जाऊ नका. ज्यांचे ज्यांचे अडकले त्यांनी एकत्र, तारखा आणि गाडी नंबर लिहिलेला एकच तक्ता घेऊन जा. यासाठी प्रत्येक गाडीचा, चालकाच्या परवान्याचा आणि सही केलेल्या वजनचिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवलेला असावा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण सौद्यात आहे. तुमच्या बागेत पेठ-सुरगाण्याहून आलेली टोळी काम करत असेल. डिपिंग (घड औषधात बुडवणे), थिनिंग (मण्यांची विरळणी) केलेल्या बायांची मजुरी, औषधांच्या दुकानाची उधारी, ट्रॅक्टरवाल्याचे भाडे, हे सगळे तुम्ही खुड्याच्या पैशांवर ठेवलेले असते. चेक परत आला तर कोर्टात तुम्ही जाल. त्या बाया कुठे जाणार? त्यांच्याकडे तर चेकही नाही. त्यांनी ना व्यापारी पाहिलेला असतो, ना सौद्याला होकार दिलेला असतो. दोघांच्या ‘खासगी’ कराराचा भार तिसऱ्यावर पडतो तो असा. पहिल्या गाडीचे पैसे आले की आधी त्यांचा हिशेब मिटवा.

आणि गावासाठी. ग्रामसभेत ठराव मांडा की बाहेरून खरेदीला येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची ग्रामपंचायतीत नोंद होईल: फोटो, आधार-पॅनची प्रत, कायमचा पत्ता, शेडमालकाचे नाव, एजंटाचे नाव आणि त्याने कोणाकोणाची बाग घेतली ती यादी, एक प्रत पोलिस ठाण्यात. नोंद न करणाऱ्याला अडवण्याचा अधिकार पंचायतीला नाही, पण कोणी नोंद केली आणि कोणी टाळली हे फळ्यावर लिहायला कोणाची हरकत नाही. हा ठराव काकांनी मांडावा आणि आप्पांनी अनुमोदन द्यावे. बाजार मोकळाच राहतो, येणाऱ्याचा पत्ता मात्र माहीत होतो.

पिंपळगावच्या व्यापाऱ्यालाही आज फोन करा. ३६ ची बोली आली आहे असे खरे ते सांगा, पण ती उधारीची आहे हेही लपवू नका. रोखीत तो ३३ किंवा साडेतेहेतीसपर्यंत येतो का पाहा. त्याला तुमची बाग सात-आठ वर्षे ठाऊक आहे, मालाची खात्री आहे, त्यामुळे थोडा वर येण्यात त्याचा धोका कमी आहे. उत्तर परवा संध्याकाळपर्यंत मागा, म्हणजे मजुरांची टोळी ठरवायला तुमच्या हाती आठवडा राहील.